लॉबीतला बर्फ आणि आबांचं मीठ

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय. भाईंदरला भाच्याच्या नव्या बिल्डिंगच्या लॉबीत मोठं पेंटिंग लावलंय. जवळून नुसते रंगाचे फटकारे, लांबून बर्फात बुडालेलं परदेशी गाव.

माझे वडील, आबा, त्याच्यासमोर थबकले. सत्तरच्या दशकात याच जागेवरच्या मिठागरात ते राबायचे. वैतागून म्हणाले, "पाऊस तोंडावर आलाय नि मीठ उघडंच हाय? पेंढ्यानं शाकारलं न्हाय कुनी?"

सोसायटीचा सेक्रेटरी हसला. "अंकल, ये बरफ है. फॉरेन का."

आबांनी शांतपणे विचारलं, "मंग आपलं मीठ कुठं लावलंय?"

कुठंच नाही. ज्या मिठागरावर ही बिल्डिंग उभी आहे, त्याचा एक फोटोही आमच्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे आहे का? भिंत मी भांडून मिळवतो.