संत्रेभाऊंची गोणी

संत्रेभाऊ दुसऱ्याच्या हातातलं फळ बघून आधी नाक मुरडायचे. रावेतहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये कुणी डब्यासोबत संत्रं काढलं, की ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून मान वळायची. "कुठून आणला बे? हा नागपुरी नाई, पंजाबचा किन्नू हाये. याले सोलाले पाना लागते!"

त्यांचं खरं नाव पगाराच्या स्लिपपुरतं. प्रेस शॉपमध्ये उभी हयात काढलेला हा माणूस मूळचा विदर्भातल्या वरूडकडचा. तिथली संत्र्यांची बाग थोरल्या भावाकडे होती आणि बागेचा अभिमान सगळा यांच्याकडे. "नागपुरी संत्रा वरून खडबडीत दिसते, पण सालीत सैल. अंगठा लावला का साल हातात. अन् फोड जिभेवर ठेवली का आधी आंबट, मंग गोड." मी रत्नागिरीची. हापूसचा विषय काढला तर म्हणायचे, "ताई, तुमी कोकणातल्या. तुमाले संत्र्यातलं काय समजते?" मला चिडवायलाच ते असं म्हणतात हे ठाऊक असूनही मी दर वेळी चिडायचे.

उन्हाळा तोंडावर आला की मृग बहाराच्या संत्र्यांची गोणी गावाहून ट्रॅव्हल्सने यायची. परतीच्या बसमध्ये भाऊ ती स्वतः सोडायचे, स्वतः वाटायचे. दिवसभर मशीनच्या कूलंटचा वास बसलेल्या हातांना त्या दिवशी संत्र्याचा वास यायचा. माझी मुलगी माझे हात हुंगून म्हणायची, "आज भाऊंची गोणी आली!" आणि वाटता वाटता भाऊंचं पालुपद ठरलेलं, "रिटायर झालो का बागेतच जाऊन बसतो. मंग तुमीच या खायाले."

रिटायर व्हायच्या वर्षीही गोणी आली. भाऊंनी ती सोडली, पण भाषण केलं नाही. मी अंगठा लावला, साल हलेना. नख खुपसलं तर रस डोळ्यात उडाला. शेजारी मेंटेनन्सचा सलीम दातांनी साल ओढत होता. आम्हाला पारख भाऊंनीच शिकवलेली, त्यामुळे अख्ख्या बसला कळायचं ते कळलं. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. एरवी कुणालाही न सोडणारा सलीम तोंड पुसत मोठ्याने म्हणाला, "भाऊ, एक नंबर! घरचा माल तो घरचाच, राव." मग सगळेच वाहवा करायला लागले. मला त्या दिवशी सलीमचा फार अभिमान वाटला.

रावेतला आम्ही दोघंच उतरलो. भाऊ रिकाम्या गोणीची घडी घालत उभे राहिले.

"दादानं झाडं काढून टाकली, ताई. डिंक्या रोग लागला होता, वाळूनच चालली होती. मार्केटात किन्नूशिवाय दुसरा माल भेटला नाई. पण शेवटचं वर्ष, न वाटता कसा जाऊ?" मग खाली बघत विचारलं, "साल घट्ट होती ना?"

ज्या बागेत जाऊन बसायचं म्हणून हा माणूस इतकी वर्षं शिफ्ट करत आला, ती बागच उरली नव्हती.

"भाऊ, मी कोकणातली," मी म्हटलं. "मला संत्र्यातलं काय समजतं?"

भाऊ गोणी काखेत मारून हसले.

"आज पयल्यांदा खरं बोलल्या, ताई."