सुलभाताईंचा शिकारी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेले अडीच महिने माझ्या जिवाला धोका आहे. एक शिकारी माझ्या मागावर असून तो जवाहर नगरातल्या एका जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याच्या एका हातात सुरा आहे, दुसऱ्या मनगटाला दोराचा तुकडा बांधलेला आहे, आणि त्याला मला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे. पोलिसांत कळवून उपयोग नाही. त्याला आवरू शकेल अशी एकच व्यक्ती जयपुरात होती, आणि तीच गेली... सुलभाताई नाईक.

बातमी आली तेव्हा मी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या बँकेच्या शाखेत होतो. मंगळवारची दुपार होती. फोनवर नाईकसाहेब, म्हणजे ताईंचे यजमान. "मोहनराव, सुलभा गेली. मी शेजारीच होतो. तिचा हात माझ्या हातात होता." मग म्हणाले, "बरं, ठेवतो." पुढे पंधरा दिवस त्यांच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं, याच शब्दांत, याच क्रमानं. चाळीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केलेला माणूस. दुःखाचासुद्धा मसुदा एकदा मंजूर झाला की त्यात बदल नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं. माझा स्वभावच वाईट.

आता शिकाऱ्याकडे येतो. आमच्या ओळखीतली ऋचा इथंच वाढलेली, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. पाच वर्षांपूर्वी तिनं एक खेळ आणला. टेबलाभोवती बसायचं, एकानं, म्हणजे सूत्रधारानं, जादूचं एक जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. भुतं, राक्षस, खजिने सगळं आहे, आणि तुमची तलवार लागली की चुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ऋचानं खेळाडू म्हणून सुलभाताईंना बसवलं आणि दोन महिन्यांत ताई सूत्रधाराच्या खुर्चीत होत्या. विमा कंपनीत तीस वर्षं दावे तपासलेली बाई ती. जग सांगायचं म्हणजे कोणत्या गावात विहीर कुठं, पाटील कोण, पूल कधी वाहून गेला, सगळं वहीत. आम्ही चौघं-पाचजण दर रविवारी दुपारी जमायचो. कांद्याच्या कचोऱ्या, चहा, आणि मी... महाचोर चंडप्रताप! घरची माणसं पुण्यात, मी बदलीवर इथं एकटा. आठवडाभर कर्जाच्या फायली उपसून रविवारी चंडप्रताप झालो नसतो तर माझं काय झालं असतं, कोण जाणे.

गेल्या हिवाळ्यात ताई मला म्हणाल्या, "मोहनराव, एक खलनायक करायचाय. सूड घेणारा शिकारी. तुम्ही नाटकातले, जरा मदत करा. आणि बाकीच्यांना बोलायचं नाही." माझा आनंद काय सांगू! सूत्रधाराचा एकमेव विश्वासू मी! दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे हजर. पहिल्याच दिवशी मी उभं राहून शिकारी करून दाखवला. एक डोळा फुटका, गळ्यात कवट्या, आणि असं हास्य की शेजारच्या शर्माजींनी दार वाजवून विचारलं, "भाभीजी, सब ठीक है ना?"

ताईंनी पेन्सिल उचलली. "डोळा राहू द्या. कवट्या नकोत. आणि हा हसतो कशाला? ज्याचं खरंच काही गेलंय तो असा हसत नाही."

"अहो, खलनायक आहे तो."

"ते तुमच्यासाठी. त्याच्यासाठी तो फिर्यादी आहे. त्याचं काय गेलं? कधी? कुणामुळे? तेव्हा तिथं कोण होतं? हे सांगा, मग हसवू त्याला." आणि म्हणाल्या, खोटा दावा करणारा फार रडतो आणि तपशील विचारले की गडबडतो. खरं नुकसान झालेल्याला त्या दिवशी पायात कोणती चप्पल होती तेसुद्धा आठवतं.

मग आम्ही दोघांनी तो घडवला. तो घाई करत नाही. तो धमक्या पाठवत नाही; सावजानं वाटेत टाकलेल्या वस्तू गोळा करतो आणि एकेक करून त्याच्या उशाशी नेऊन ठेवतो. ही कल्पना माझी, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. आणखी एक नियम माझाच, निव्वळ नाट्यासाठी. झोपलेल्याला तो मारत नाही. आधी उठवतो. यावर आतल्या खोलीतून, पेपराच्या मागून, नाईकसाहेब बोलले. पाच वर्षांत त्या खेळाबद्दल त्यांनी तोंड उघडलं ते तेव्हा. "का बरं? झोपलेला तर सोपा सापडेल."

"अहो, झोपलेल्या माणसावर कसला राग काढायचा?" ताई म्हणाल्या, आणि तो नियम वहीत गेला.

सावज कोण, हे मात्र त्यांनी मला सांगितलं नाही. मी मनातल्या मनात ऋचाची चेटकीण ठरवली होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या टोळीच्या उशाशी वस्तू येऊ लागल्या. एक टवका उडालेली पणती, एक जोडा. बाकीचे घाबरायचे आणि मी मिशीत हसायचो. मग एका रविवारी ताईंनी पदराआडून दोराचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. खरा दोर. म्हणजे नाईकसाहेबांच्या पायजम्याची नाडी, पण कापलेली. "शिकारी चंडप्रतापासमोर उभा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी सूत्रधार झाले त्या पहिल्याच रविवारी तुम्ही एक वाटाड्या घेतला होतात. पाताळविहिरीत तो मशाल धरून सगळ्यांच्या मागे होता. खालून पिशाच्चं चढत होती. तुम्ही वर आलात आणि दोर कापलात. हा तो."

मला काही आठवेना. वाटाड्या? कोण वाटाड्या? त्याचं नाव काय होतं? "नाव तुम्ही कुणीच विचारलं नव्हतं," ताई म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघून इतके हसले की कचोरीचा घास ऋचाच्या घशात अडकला. पाच वर्षं ती नोंद त्या वहीत वाट बघत होती, आणि माझा मारेकरी मीच गुरुवारी गुरुवारी धार लावून तयार केला होता! शिकाऱ्यानं सुरा माझ्या गळ्याला लावला. ताईंनी वही मिटली. "पुढच्या रविवारी."

तो रविवार आला तेव्हा त्या हॉस्पिटलात होत्या. मी भेटून आलो. नाकात नळी, तरी म्हणाल्या, "जीव मुठीत धरून बसा, मोहनराव." पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि मी गेलो नाही. काम होतं असं मी सगळ्यांना सांगितलं. काम नव्हतं. मी पलंगावर पडून पंख्याकडे बघत होतो. जिना चढायचा, तो वास, ती नळी, बाहेर येऊन नाईकसाहेबांशी काहीतरी बोलायचं... अंगात त्राण नव्हतं, एवढंच. त्यानंतरच्या मंगळवारी तो फोन आला.

गेल्या आठवड्यात ऋचाचा निरोप आला. "मोहनकाका, मतलब... गेम असाच अधुरा सोडायचा का? नाईककाका म्हणतात, वही सापडली. या म्हणतात." आम्ही गेलो. टेबल तेच, नाडी तिथंच, कुणी हलवली नव्हती. सूत्रधाराची खुर्ची रिकामी ठेवून नाईकसाहेब बाजूच्या खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि शासकीय परिपत्रक वाचावं तसे वाचू लागले. "शिकारी विचारतो, दोर का कापलास? कंसात. मोहनराव भाषण ठोकतील. ठोकू द्यावं. मग पुन्हा विचारावं. खरं उत्तर आलं की ऐकून ठरवू." पान उलटलं. पुढं कोरं.

मी उभा राहिलो. सवयच ती. चंडप्रतापाचा आवाज लावून टोळीचं रक्षण, कर्तव्य, काळजावर ठेवलेला दगड, असं बरंच काही म्हणालो. कुणी टाळी वाजवली नाही. नाईकसाहेबांनी बोट वहीवर ठेवलं आणि सूचनेप्रमाणे पुन्हा विचारलं, "दोर का कापलास?"

मी खाली बसलो. आणि तेव्हा मला ती पहिली दुपार आठवली. बँकेच्या वर्षअखेरीचे दिवस, मला घरी जाऊन पडायचं होतं, आणि दोर कापला की खेळ लवकर संपणार होता. "थकलो होतो," मी म्हणालो. "तो खाली आहे हे मला माहीत होतं. पण थकलो होतो. साहेब, हॉस्पिटलात दोन रविवार आलो नाही, ते कामामुळे नाही. तेही असंच."

ऋचा हळूच म्हणाली, "आता हे ठरवायचं कुणी?"

नाईकसाहेबांनी चष्मा काढला. टेबलावरची नाडी उचलून बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. वहीतल्या त्या कोऱ्या पानाकडे बघत होते. आणि मग एकदम, कुणी दामटून विचारल्यासारखे, मोठ्यानं म्हणाले,

"सोडा हो मोहनरावांना! ती गेली तेव्हा मी खुर्चीत झोपलो होतो."