डावीकडचं मागचं चाक

मोटारींची शर्यत पाहणारे जगात कोट्यवधी लोक असतील. पण ती कोणी जिंकली याच्याशी काडीचाही संबंध न ठेवता पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो नागपुरात, प्रताप नगरात, बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. सरकारी बसच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, आणि एका रविवारी संध्याकाळी चॅनल बदलता बदलता त्यांना ही शर्यत सापडली. तेव्हापासून शर्यतीच्या रविवारी वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी बायकोकडे पाहतो, बायको माझ्याकडे पाहते, आणि पाठोपाठ जिन्यातून हाक येतेच, "ये गा मास्तर, सुटून राहिल्या गाड्या!"

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे टीव्हीतला माणूस जे भरधाव इंग्रजी बोलतो ते मला समजत असणार, असा काकांचा समज आहे. मला त्यातलं अवाक्षर कळत नाही. शर्यत तर त्याहून कळत नाही. पडद्यावर सगळ्यांत पुढे दिसणारी गाडी पुष्कळदा सगळ्यांत शेवटची असते, कारण ती एक अख्खी फेरी मागे पडलेली असते. आणि खरी पहिली गाडी तिच्या मागे वाट मागत असते. बाजूला नावांची यादी सारखी वरखाली होते. मधेच एखादी गाडी रस्ता सोडून आत वळते, वीसेक माणसं तिच्यावर तुटून पडतात, चारही चाकं बदलतात, आणि दोन-तीन सेकंदांत ती बाहेर. इतका वेळ मला स्कूटर स्टँडवरून काढायला लागतो. "आता पहिला कोण, काका?" असं मी सुरुवातीला विचारायचो. वर्गात झोपलेल्या पोराकडे मी पाहतो तसे काका माझ्याकडे पाहायचे. "पहिल्याचं काय घेऊन बसला गा? गाडी कशावर चालते, सांग मले. डायव्हरवर का चाकावर?"

काकांची शर्यत म्हणजे ते दोन-तीन सेकंद. त्यातही एकच गाडी, जांभळी. त्यातही एकच चाक, डावीकडचं मागचं. आणि त्या चाकाचा नट कसणारा एकच माणूस. त्याचं नाव काकांना ठाऊक नाही. तोंडावर हेल्मेट, अंगात बाकीच्यांसारखेच कपडे. पण काकांनी त्याला ओळखून ठेवलं होतं. बाकीचे सगळे उजवा गुडघा टेकवतात, हा डावा टेकवतो. आणि काम झाल्याची खूण म्हणून हात वर करतात, त्यात याचा हात सगळ्यांत आधी वर जातो. "हा आपला माणूस हाय," काका म्हणायचे. दोन वर्षं त्यांनी या माणसाला मिनिटभरही सलग पाहिलेलं नव्हतं, पण त्याची कंबर हल्ली दुखत असावी, हे त्यांनी मला खात्रीने सांगितलं होतं.

काकांचा खरा वैरी म्हणजे शर्यत दाखवणारा कॅमेरावाला. काका त्याला फोटोवाला म्हणतात. लग्नात इकडे वधूवरांच्या गळ्यात माळा पडत असतात आणि फोटोवाला तिकडे पंगतीतली तोंडं टिपत असतो, तसाच हाही. जांभळी गाडी आत वळली रे वळली की हा कोणातरी डायव्हरच्या आईला दाखवणार, नाहीतर काळा चष्मा लावलेल्या एखाद्या नटीला. "अरे, चाक सोडून बाया काहून दाखवून राहिला बे!" असं काका ओरडले की काकी स्वयंपाकघरातून म्हणतात, "त्याले आयकू जाते का तुमचं?" काका म्हणतात, "जात असतं तं इतकं बिघडलं असतं का?"

आता चाकावरून निघालंच आहे तर काकांच्या थापांबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये चाक बसवून झालं की त्यावर तळहाताने दोन थापा मारायची रीत होती. थापा पडल्या म्हणजे नट घट्ट बसले, बस निघायला मोकळी. काका ही रीत घरी घेऊन आले. माझ्या स्कूटरच्या चाकाला रोज सकाळी दोन थापा पडतात. भाजीवाल्याच्या हातगाडीला पडतात. एकदा सावनेरला एका लग्नात नवरीची फुलांनी सजवलेली गाडी निघाली. सगळे रडत होते, आणि काका वाकून मागच्या चाकाला थापा मारत होते. नवरीचा बाप हुंदका आवरून विचारता झाला, "पंक्चर हाय का?"

त्याच लग्नाला जाताना काकांना माझं एक वैगुण्य कळलं. मला डावं-उजवं चटकन कळत नाही. लहानपणापासून मी जेवायचा हात आठवून मग ठरवतो. काका मागे बसून "डावीकडे घे" म्हणाले आणि मी स्कूटर सरळ उजवीकडच्या कापसाच्या शेतात घातली. काकांनी उतरून आधी चाक पाहिलं, मग मला पाहिलं, आणि म्हणाले, "मास्तर, तू पोरायले शिकवतो तरी काय?"

सगळं असं छान चाललं होतं, आणि एका रविवारी जांभळी गाडी चक्क पहिली असताना आत वळली. तीन चाकं बसली. डावीकडचं मागचं बसेना. आपला माणूस डावा गुडघा टेकून त्या नटाशी झटत होता, दोन सेकंद झाले, पाच झाले, दहा झाले. एकामागून एक गाड्या निघून गेल्या. काका खुर्चीतून उठले होते. जांभळी गाडी निघाली ती थेट शेवटून दुसरी. फोटोवाल्याने जांभळे शर्ट घातलेली, डोक्याला हात लावलेली माणसं दाखवली, एक बाई रडताना दाखवली, आणि मग ते चाक पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. मग सावकाश चालवून पुन्हा. "दोन वर्षं चांगलं काम केलं, तं एकदा धड नाई दाखवलं," काका म्हणाले, "अन् आता चुकला तं अकरा खेपा!" माझी मुलगी मोबाईलवर लोक काय लिहिताहेत ते वाचून दाखवत होती. हाकला त्याला. आंधळा आहे का. आमच्या चौकातला पंक्चरवाला बरा. "बंद कर वं बाई ते," काका म्हणाले, आणि शर्यत अर्धी राहिलेली असताना त्यांनी स्वतः टीव्ही बंद केला. असं कधीही झालं नव्हतं. त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

मला काही उमजेना. परक्या मुलखातल्या एका हेल्मेटसाठी माणूस जेवत नाही म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी काकी आमच्याकडे येऊन बसल्या तेव्हा उलगडा झाला. फार वर्षांपूर्वी सावनेरच्या पुढे एका बसचं मागचं चाक निखळलं आणि घरंगळत संत्र्याच्या बागेत गेलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ते चाक काकांनी बसवलेलं होतं. "चौकशीत यायले इचारलं, थापा मारल्या होत्या का? यायले आठवेच ना. अजून नाई आठवत," काकी म्हणाल्या. "चार महिने घरी बसवलं. मंग घेतलं कामावर, पण पुन्हा चाकाले हात लावू देला नाई. रिटायर होईपर्यंत स्टोअरात बसून लोकायले ग्रीस देत गेले. हे सगळ्यायच्या गाड्यायले थापा मारत फिरते नं, ते तवापासून." मी रोज सकाळी त्या थापांना हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी काका एक कागद घेऊन आले. अर्ज होता. विषय: डावीकडील मागील चाकावरील कर्मचाऱ्यास त्याच कामावर कायम ठेवणेबाबत. "सदर कर्मचारी हा डावा गुडघा टेकून इमानेइतबारे काम करीत असून, नट हा कधी कधी माणसाचे ऐकत नाही, ही बाब अर्जदार स्वानुभवाने जाणतो. तरी त्यास स्टोअरमध्ये बसवू नये, ही नम्र विनंती." मी त्याचं इंग्रजी केलं. "सदर"ला इंग्रजी सापडेना म्हणून तो गाळला, तर काकांनी तो परत घालायला लावला. जांभळ्या गाडीवाल्यांचा पत्ता कुठे शोधणार, म्हणून मुलीने अर्ज टीव्हीच्या चॅनललाच मेल केला. मिनिटभरात उत्तर आलं: आपला संदेश मिळाला, क्रमांक अमुक, आपलं मत आम्हाला मोलाचं आहे. काकांचा चेहरा उजळला. "नंबर पडला! म्हंजे फाईल चालली." असलं उत्तर मशीन पाठवतं, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

पुढची शर्यत दोन आठवड्यांनी होती. मी वर गेलो तर काका टीव्हीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसलेले, तोंडावर उन्हात बांधायचा दुपट्टा. "मी नाई पाहत," ते आतून म्हणाले. "तू पाह अन् मले सांग. तो हाय का नाई."

"अहो काका, पण मला डावं-उजवं..."

"म्हाईत हाय मले. जेवाचा हात पाह अन् सांग."

आयुष्यात एवढी जबाबदारी माझ्यावर कोणी टाकली नव्हती. मी चष्मा पुसला. उजव्या हाताची मूठ वळून धरली, म्हणजे निदान तो तरी हरवायचा नाही. गाड्या फिरत होत्या, नटी हसत होती, यादी वरखाली होत होती. आणि एकदम जांभळी गाडी आत वळली. कॅमेरा समोरून होता, म्हणजे माझं डावं ते त्यांचं उजवं. का मागून होता? मी मूठ पाहिली, पडदा पाहिला, आणि गाडी गेली.

"गेली?"

"गेली."

"होता?"

खरं सांगायचं तर तिथे एक माणूस होता, तो गुडघ्यावर होता, आणि त्याला दोन गुडघे होते. याहून जास्त मी शपथेवर सांगू शकणार नाही.

"होता," मी म्हणालो.

"गुडघा?"

"डावा."

"हात?"

"वर केला. सगळ्यांच्या आधी."

काकांनी दुपट्टा खाली घेतला, त्यानेच तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. काकी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. काका उठले आणि माझ्या खांद्यावर त्यांनी दोन थापा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढत होतो तेव्हा ते खाली आले. "मास्तर, तुही पोरगी म्हणे, मोबाईलमंदी मांगचं सगळं पुन्हा पाहाले भेटते."

"भेटतं म्हणतात."

"तू पाह्यलं?"

"नाही."

"राहू दे मंग," काका म्हणाले, आणि वाकून चाकाकडे वळले.

मी अजूनही ते पाहिलेलं नाही. शर्यतीच्या रविवारी वर खुर्ची सरकते, हाक येते, मी जातो. पहिला कोण आणि शेवटचा कोण हे मला आजही कळत नाही. काका आता भिंतीकडे तोंड करत नाहीत, फोटोवाल्याला शिव्याही पूर्वीसारख्याच देतात. पण जांभळी गाडी आत वळली की डोळे मिटून घेतात. ती निघून गेली की मिटल्या डोळ्यांनीच विचारतात, "होता?"

आणि मी म्हणतो, "होता, काका."