तारपा वाजतोय तोवर

सूर्यमाळचा लाडक्या अंगाने काडीसारखा, पण भोपळ्याचा तारपा ओठाला लावला की त्याचा दम तुटायचा नाही. ही संस्थानच्या काळातली गोष्ट. भात झोडून झालं होतं, पाड्यावर नाच चालला होता. तेवढ्यात गवताच्या ठेकेदाराचा पैलवान मुकादम वेठीला माणसं न्यायला आला. पण तारपा वाजतोय तोवर नाचणाऱ्याने शेजाऱ्याचा हात सोडायचा नाही, ही पाड्याची रीत. लाडक्या वाजवतच राहिला. मुकादमाने एकाला ओढलं की तीस जण ओढावे लागत. पैलवान झाला म्हणून काय झालं? ऊन कलताना तो हात हलवत परतला.

दुसऱ्या दिवशी तो चौघांना घेऊन आला. खिंडीतच तारपा ऐकू आला, तसा तो तिथूनच माघारी वळला.

पाड्यावर लाडक्या एकटाच होता. बाकी सगळे आपापल्या कामाला रानात गेले होते.