केबलची वेगळी वाट

आमच्या होडीवर मासे शोधणारं नवं यंत्र बसवायचं होतं. कामांची यादी माझ्याकडे होती, म्हणून तळाच्या सेन्सरपासून सुकाणूजवळच्या पडद्यापर्यंत केबल मीच ओढली आणि इंजिनच्या वायरींसोबत एकाच जुडीत घट्ट बांधली. नवरा म्हणाला, "आता होडीसुद्धा तुझ्या कपाटासारखी दिसते."

इंजिन सुरू केलं आणि होडी धक्क्याला बांधलेली असतानाच पडदा माशांनी भरला. दिराने इंजिन बंद केलं, तसा तो रिकामा झाला.

"वहिनी, तुमचे मासे डिझेलवर चालतात."

मला हसू आलं, पण क्षणभरच. पहाटे दोघे भाऊ याच पडद्याच्या भरवशावर जाळं टाकणार होते.

इंजिनच्या वायरींमधली विजेची कुरकुर शेजारच्या केबलमध्ये शिरून पडद्यावर मासे बनून दिसत होती. मी गाठी कापायला बसले. घरातही मी सगळ्यांना एकाच पंगतीत बसवते. कुणाला गप्प, एकट्याने जेवायचं असेल, हे माझ्या यादीत कधी नसतं.

केबल दुसऱ्या बाजूने एकटीच नेली. उरलेलं वेटोळं कुरूप लोंबत राहिलं. इंजिन पुन्हा सुरू झालं. पडद्यावर खाली चिखलाचा तळ दिसला, वर नुसतं पाणी.

"एकही मासा नाही," दीर समाधानाने म्हणाला आणि जाळं चढवायला गेला.