पावलांखालची झोप

परकारसरांना मी प्रथम पाहिलं ते झोपलेलं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं, पण खरं ते खरं. मस्कतला मी नोकरीवर रुजू झाले त्याच दिवशी ऑफिसने माझ्या हाती नकाशांची गुंडाळी दिली आणि एका अर्धवट झालेल्या इमारतीत सरांकडे पाठवलं. दार उघडंच होतं. रिकाम्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत चटईवर एक गृहस्थ छातीवर हात ठेवून गाढ झोपले होते. उशाशी चष्मा, पायाशी नीट जोडून ठेवलेले बूट. बिनपडद्याच्या खिडकीतून ऊन आत सांडलं होतं आणि एसीच्या एकसुरी गुणगुणीत ती सगळी खोलीच पेंगत असल्यासारखी वाटत होती. मी भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने माझेही डोळे मिटू लागले.

सर एकदम उठून बसले. मला पाहून दचकले नाहीत, नावही विचारलं नाही. म्हणाले, "मी बोटीत होतो. श्रीवर्धनच्या समुद्रात. आणि खालून कोणीतरी बोटीला ठोकत होतं. लिहून घे, न्हाणीघराचा पाइप भिंतीतल्या लाकडाला कुठेतरी टेकलाय." दुसऱ्या दिवशी भिंत उघडली, तर पाइप खरोखरच टेकलेला.

श्री. याकूब परकार हे ध्वनिअभियंते. एका घरातला आवाज दुसऱ्या घरात जाऊ नये, याची व्यवस्था करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते यंदा साठ वर्षांचे होत आहेत आणि इथल्या मराठी मंडळाने हा ग्रंथ काढायचं ठरवलं, याचा त्यांच्या हाताखाली वाढलेल्या आम्हा सगळ्यांना फार आनंद आहे. ओमानात घर म्हणजे काँक्रीट. सरांनी मात्र लाकडी सांगाड्याच्या, अनेक कुटुंबांच्या इमारती इथे उभ्या करण्याच्या कामात स्वतःला झोकून दिलं. सुरुवातीला लोक हसत. लाकूड हलकं, त्याला वजन नाही, त्यामुळे वर कोणी चाललं की खालच्या घरात धप्प धप्प ऐकू येतं. सरांचं त्यावर एकच म्हणणं असे. वजन नसेल तर अंतर ठेवा. वरची जमीन आणि खालचं छत यांना एकमेकांना शिवू देऊ नका.

आवाज मोजायचं यंत्र ऑफिसात होतंच. छोटे हातोडे जमिनीवर टकटक करतात आणि खाली आकडे उमटतात. पण सरांचा त्यावर पुरता विश्वास नसे. यंत्राला टकटक कळते, धप्प कळत नाही, असं ते म्हणत. म्हणून शेवटची परीक्षा त्यांच्या चटईवर होई. वरच्या घरात माणसं नेहमीसारखी वावरत असताना खालच्या घरात सर दुपारचे झोपत. स्वप्न पुरं झालं तर इमारत पास. इतरांचे वरिष्ठ कामावर झोपले तर त्यांना मेमो मिळतो. आमचे झोपले की इमारतीला सर्टिफिकेट मिळायचं. आम्ही त्यांना याबद्दल पुष्कळ चिडवलं. ते हसत, आणि पडलेलं स्वप्न मात्र अगदी तपशीलवार सांगत. कधी खजुराच्या बागेतून वाहणारं पाणी, कधी त्यांची लहानपणची शाळा, कधी नुसतंच पांढरं आभाळ. ते ऐकताना मलाच झोप यायची.

पुढे मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीतली तिमजली लाकडी इमारत झाली. तिथे सरांना सबंध दुपार झोप लागली आणि इमारत पास झाली. आपण बांधलेल्या घरात आपल्यातलंच कोणीतरी राहावं, असं सरांनी सुचवलं म्हणून मी, माझे पती आणि आमची छोटी गार्गी तिथे वरच्या मजल्यावर राहायला गेलो. पतींचं काम दूर निझवा शहरात, ते सुट्टीपुरते घरी. आमच्या बरोबर खाली कणकवलीच्या सुनंदा सिस्टर राहत. रुग्णालयात त्यांना कायम रात्रपाळी, त्यामुळे त्या दिवसा झोपत. आम्ही दिवसभर बाहेरच असायचो, कोणाला कोणाचा त्रास नव्हता.

मग गार्गीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पुण्याहून तिला परत आणलं ती वॉकर घेऊनच. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवसातून पुन्हा पुन्हा चालवा. पाय एकदा आखडला तर जन्माचा आखडेल. मी ऑफिसचं काम घरी आणलं आणि ती चालू लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी सिस्टर वर आल्या. डोळे लाल, केस तसेच.

"ताई, मला बोलायला लाज वाटते," त्या म्हणाल्या. "पण रात्री मला एवढ्या एवढ्या बाळांना औषधं द्यायची असतात. झोप नसली तर माझा हात चुकेल हो."

मी गालिचे अंथरले, वॉकरला मोजे घातले. तरी तो धप्प खाली जायचा तो जायचाच. शेवटी मी गार्गीला पलंगावर बसवून ठेवू लागले. ती दर थोड्या वेळाने विचारायची, "आई, आता मी वॉक करू? सिस्टर आँटी उठली?" मी नाही म्हणायचे. पडदे ओढलेल्या त्या खोलीतल्या दुपारी इतक्या मऊ आणि संथ असायच्या की आपण तिघीही पाण्याखाली राहतोय असं वाटे. आणि त्या शांततेत माझ्या मुलीचा पाय आखडत चालला होता. व्हिडिओ कॉलवर डॉक्टर मला वाट्टेल ते बोलले. त्यांचं बरोबरच होतं.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. "मी तिथे झोपलोय प्राजक्ता, पुरी झोप," ते म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी चटई घेऊन आले. सिस्टरांनी दार उघडून दिलं, सर खाली आडवे झाले आणि मी वर गार्गीला चालायला सांगितलं. ती खोलीभर एक फेरी मारून होते ना होते तोच सर जिना चढून वर आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"खलास," ते म्हणाले. "माझी इमारत नापास."

मग त्या वेळी झोप लागली कशी? आमच्या शेजारच्या जोशीकाकू इमारतीत सगळ्यांच्या आधी राहायला आलेल्या, आणि सर झोपले होते ते त्यांच्याच खालच्या घरात. सरांनी त्यांची बेल वाजवली आणि विचारलं, "काकू, त्या दुपारी तुम्ही वर नेहमीसारख्या वावरत होतात ना?"

"अहो काय बोलता!" काकू जवळजवळ रागावल्याच. "पाहुणा माणूस खाली आडवा झालेला, आणि मी धाडधाड चालू? मिक्सर लावला नाही. शिट्टी होईल म्हणून भात पातेल्यात शिजवला. जोडवी काढून ठेवली होती पायातली! ह्यांना तर सोफ्यावरून उठूच दिलं नाही."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. सर मात्र काकूंपुढे मान लववून म्हणाले, "तुम्ही फार सांभाळलंत मला." जिना उतरताना ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आपल्याकडे शांतता माणसं करतात. मग भिंतींची परीक्षा होणार कशी?"

दुसरा कोणी असता तर यंत्राच्या आकड्यांचा कागद पुढे करून मोकळा झाला असता. कागद तर पासच होता. सर मात्र मला घेऊन थेट इमारतीच्या ओमानी मालकांकडे गेले आणि सांगितलं की माझी सही चुकली, छतं उघडावी लागतील. मालकांनी कॉफी पुढे केली आणि आपल्या हिंदीत विचारलं, "परकार, एक बच्ची के लिए पूरा छत खोलेगा?"

"अर्बाब, बच्ची को चलना है, सिस्टर को सोना है," सर म्हणाले. "दोनों सच्चे हैं. झूठा सिर्फ़ मेरा छत है."

मालक हसले. म्हणाले, "यल्ला, खोलो."

काम चालू असताना सिस्टरांनी झोपायचं कुठे, हा प्रश्न आम्हाला पडायच्या आत सरांनी सोडवलाही होता. सिस्टर रात्रपाळीहून सरळ सरांच्या घरी जात. सरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या भाबींनी, स्वतःची खोली त्यांना दिली, दारावरची बेल काढून ठेवली आणि सरांना दुपारी घरी जेवायला यायची बंदी केली. सर रोज ऑफिसात डबा खाताना तक्रार करत की माझ्याच घरातून मला हाकललंय. त्या दिवसांत गार्गी घरी हवी तशी चालली. खालचं जुनं छत वेगळ्या पट्ट्यांवर होतं, पण त्या पट्ट्या लाकडी तुळयांनाच खिळलेल्या होत्या. ते काढून नवं दुहेरी छत रबराच्या आधारांवर लोंबतं ठेवलं, मधली पोकळी लोकरीसारख्या पदार्थाने भरली, आमच्या जमिनीवरही कोरड्या वाळूचा जड थर आला. सर शिडीवर चढून एकेक आधार हाताने दाबून बघत.

सिस्टर परत राहायला आल्या. काही दिवस गेले. एका दुपारी बेल वाजली. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत दार उघडलेलं होतं. बाहेर सिस्टर उभ्या, झोपेतून उठून तशाच आलेल्या.

"आवाजच नाही म्हणून जीव घाबरा झाला हो ताई," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या चेडवाला परत बसवून तर ठेवलं नाहीत ना?"

आणि मग त्यांनी खाली पाहिलं. दार गार्गीने उघडलं होतं. वॉकर मागे खोलीतच राहिला होता.

सरांना मी हे फोनवर सांगितलं. सर म्हणाले, "तू आता ठेव. मला तुझ्या भाबीला सांगायचंय."

तेव्हापासून सरांनी आपली रीत बदलली. आता ते झोपायला कुठे जातात ते वरच्या घरातल्या कोणालाही कळू देत नाहीत. कालपरवाच एका नव्या इमारतीत त्यांचं स्वप्न तीनदा मोडलं म्हणून ते फार खुशीत होते.

परकारसरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, भाबींची साथ अशीच राहो, आणि त्यांच्या हातून अजून पुष्कळ घरं निवांत होवोत, ही त्यांच्या सर्व सहकाऱ्यांच्या वतीने माझी मनापासूनची प्रार्थना आहे. या ग्रंथाच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात गार्गी नाच करणार आहे. मंडळाने त्यासाठी लाकडी मंच बांधून घेतला आहे आणि सर पहिल्या रांगेत असतील. रोज घरी सराव चालतो. मी तिला सांगितलं आहे, त्या दिवशी पाय जोरात आपट.