शांत जावई

माणसाच्या स्वभावाप्रमाणे ध्यानाचे चाळीस प्रकार आहेत, असं आमचे भंतेजी सांगत. माझ्या स्वभावाला चालेल असा एकही त्यांत नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती. आमच्या घरातली मात्र चालूच होती. मी चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला. तिथे दिवसभर यंत्रांच्या वरताण ओरडायचं आणि तोच आवाज घेऊन घरी यायचं. त्यात राग नाकाच्या शेंड्यावर. भाजीत मीठ कमी पडलं की चाळीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. (तिकडून एकदा खरंच मीठ आलं होतं!) शेवटी माझी बायको सुमन पोरीला घेऊन चाकणजवळच्या माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आवाज खाली आला की निरोप धाडा."

मी रोज स्टोव्ह पेटवायचो, भात करपवायचो आणि ओरडायला समोर कुणी नाही म्हणून रडायचो. खरंच रडायचो. पोरीचं झबलं दोरीवर तसंच वाळत होतं. ते काढायचा धीर होत नव्हता.

मग पत्र्याच्या विहारात जाऊन भंतेजींचे पाय धरले. ते म्हणाले, "उपासक, आनापान करा. येणारा श्वास पाहा, जाणारा श्वास पाहा." घरी डोळ्याला डोळा लागत नव्हता, पण इथे श्वास पाहता पाहता असा गाढ झोपलो आणि असा घोरलो, की सगळा विहार आपापला श्वास सोडून माझाच पाहत बसला!

"मग मैत्री भावना करा. ज्याच्यावर राग आहे, त्याचं मंगल होवो म्हणा."

मी आमच्या फोरमनला डोळ्यांपुढे आणलं. मनात म्हणालो, तुझं मंगल होवो. त्याने डोळ्यांपुढेच माझा ओव्हरटाइम कापला! डोळे उघडले तेव्हा माझ्या मुठी आवळलेल्या होत्या आणि भंतेजी जरा लांब सरकून बसले होते.

"तुम्ही चंक्रमण करा," ते सावधपणे म्हणाले. "हळूहळू चाला. नजर पावलांवर. बोलायचं नाही. आणि... घरीच करा."

रविवारी सकाळी चाळीपुढच्या अंगणात सुरुवात केली. उजवं पाऊल. डावं पाऊल. शेजारच्या काशीकाकूंनी हटकलं, "काय हरवलं रे?"

मी पुढचं पाऊल टाकलं.

"सांगत नाही, म्हणजे सोन्याचंच असणार!" काकूंनी पदर खोचला आणि माती चाळायला बसल्या. बघता बघता अख्खी चाळ ओणवी झाली. कुणी सूप आणलं, कुणी गटार उपसायला घेतलं. "भावा, अंगठी का डूल, तेवढं तरी सांग!" मी आपला उजवं पाऊल, डावं पाऊल. आणि खोटं नाही सांगत, त्या गोंधळात माझं मन आयुष्यात पहिल्यांदा शांत होऊ लागलं होतं!

नेमके तेव्हाच सासरे आले. जावई सुधारला असेल तर लेकीला धाडू, असा त्यांचा विचार होता.

"जय भीम, पाव्हणं!"

मी हात जोडले. उजवं पाऊल.

"आवो, बोलत का न्हाई?"

डावं पाऊल.

"सकाळपासून असंच चाललंय," काशीकाकू गटारातून म्हणाल्या. "बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या."

सासऱ्यांनी टोपी काढून डोळे पुसले. "रागीट जावई परवाडला, पर येडा न्हाई! आता लेक माज्या घरीच ऱ्हाईल." आणि ते एसटीच्या वाटेला लागले.

सुमन कायमची गेली! मौन सुटलं, पाऊल सुटलं, आणि प्रेस शॉपच्या आवाजात मी बोंबललो, "ओ मामा! मी शांत झालोय! शांत! डोळे फुटले काय तुमचे?"

काकूंच्या हातातली बादली पडली. सासरे जागच्या जागी थांबले, वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आरं, गडी शुद्धीवर हाय की!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुमनला आणि पोरीला आणून सोडलं. पुढे मी आणखी बरीच वर्षं धडपडलो. मन काही शांत झालं नाही, आणि त्याचं आजही वाईट वाटतं. सुमन मात्र मी ओरडू लागलो की मांडी घालून डोळे मिटते. आवाज येतो तसा येऊ देते, जातो तसा जाऊ देते. विहारात तिच्यासारखं ध्यान कुणाचंच लागत नाही. "कुणाकडून शिकलात, ताई?" असं नवे लोक कौतुकाने विचारतात, तेव्हा ती नुसतं माझ्याकडे बोट दाखवते.